पत्रोबाचा डावा हात

मित्रांनो, माझ्यापुढच्या पाटीवर 'जुना यंत्रमानव' असे लिहिले आहे. त्यावर फारसा विश्वास ठेवू नका. मी एक जुना पोशाख आहे, यंत्र माझ्यात औषधालाही नाही. अंग पाण्याच्या टाकीच्या पत्र्याचे, सांधे गादीतल्या फोमचे आणि तोंड म्हणजे पीठ चाळायची चाळणी. दूरचित्रवाणीवर परग्रहावरच्या एका तळाची मालिका लागायची, तिच्यातला पत्रोबा तो मीच.

मला घडवले मालिकेचे कपडे शिवणाऱ्या बाईंनी. सगळे त्यांना मावशी म्हणत. एका माणसाच्या मात्र त्या खरोखरीच्या मावशी होत्या. त्यांचा हा भाचा अंगाने लहानखुरा आणि काटक, त्यामुळे माझ्यात तोच मावला. तेव्हापासून त्याचे नावच पडले 'आतला'. 'आतल्याला चहा द्या रे', 'आतला आला का?' असे दिवसभर चालायचे. लोकांना आवडलेली माझी डुलत चालण्याची ढब त्याची, मान कलती करून ऐकण्याची लकबही त्याचीच. पोरे जिन्यांतून पाय आपटत पत्रोबासारखी चालू लागली, तेव्हा तो माझ्या आत गालातल्या गालात हसायचा. त्याचे सुख मला बाहेरच्या कौतुकापेक्षा जास्त कळायचे.

माझ्यात एक मोठी खोट होती. डोक्याच्या झाकणाला दोन खिट्ट्या होत्या, त्याही मागच्या बाजूला. आतून त्या उघडत नसत आणि आत कितीही ओरडले तरी आवाज पत्र्या-फोममध्येच घुमून विरायचा. म्हणून दिग्दर्शकांनी एक खूण ठरवून दिली. पत्रोबा सगळी कामे उजव्या हाताने करायचा. तेव्हा डावा हात वर गेला, की चित्रीकरण थांबवायचे आणि मावशींनी झाकण काढायचे.

"हात दिसला की काम बंद," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "मग दृश्य कितीही रंगलेलं असो."

आणि त्यांनी शब्द पाळला, हेही सांगितले पाहिजे. भर रंगात आलेली दृश्ये त्यांनी मुकाट्याने थांबवली. आतला त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास टाकायचा. माझ्यात शिरल्यावर त्याला दुसरे करण्यासारखे काही नव्हतेच.

मग शेवटचा भाग आला. त्यात तळावरची माणसे घरी परततात, पत्रोबाची वीज संपलेली असते आणि तो रिकाम्या दालनात बंद पडून उभा राहतो. हळूहळू धूर भरतो, दिवे मंदावतात, मालिका संपते. आतल्याने फक्त दगडासारखे उभे राहायचे होते. सावल्या पडू नयेत म्हणून दिग्दर्शकांनी कॅमेरामन सोडून सगळ्यांना बाहेर काढले. मावशी हटेनात.

"मी कोपऱ्यात बसते की. कुणाला दिसणार आहे मी?"

"मावशी, मी आहे ना इथे," दिग्दर्शक म्हणाले. "हात दिसला की लगेच बोलावतो तुम्हाला."

त्या गेल्या. धूर चाळणीतून आत आला. आतल्याला आधी ठसका लागला, मग तो कासावीस झाला आणि त्याने डावा हात वर केला. बोटे फाकली, थरथरली. कोणी थांबा म्हटले नाही. मग हात आपोआप खाली पडला. दिवे पुरते मंदावले, तेव्हा कुठे दिग्दर्शकांचा 'कट' ऐकू आला. मावशींनी धावत येऊन खिट्ट्या काढल्या. आतल्याचे ओठ निळे पडले होते.

"अरे, दिवे डोळ्यांवर होते रे माझ्या," दिग्दर्शक म्हणाले. "दिसलाच नाही हात."

आणि नीट श्वास येऊ लागल्यावर आतल्याने उलट त्यांचीच समजूत घातली. "तुमचा काय दोष, साहेब? असं होतं कधीकधी."

त्यानंतर तो माझ्यात कधीच शिरला नाही. त्याने रोपवाटिकेत काम धरले, उघड्यावरचे. घरी दार लावून घेतले तरी त्याचा जीव घाबरा व्हायचा. मी एका गोदामात गंजत पडलो. उंदरांनी माझे सांधे कुरतडले.

आम्हा दोघांना वाऱ्यावर सोडले, पण तो हात मात्र अमर झाला. बंद पडलेला पत्रोबा हात का उचलतो? आणि तोही डावा? मालिकेच्या चाहत्यांनी या प्रश्नाचा कीस काढला. तो घरी निघालेल्या माणसांचा निरोप घेतो, असे निरोपवाल्यांचे म्हणणे. त्यांच्या म्होरक्या होत्या एक दातांच्या डॉक्टरीणबाई. धोकावाले म्हणत, दालनात कोणीतरी लपले आहे आणि पत्रोबा सावध करतो आहे. पत्रोबात जीव आला, असे म्हणणारे जिवंतवाले निराळेच. एकमेकांची डोकी फोडायची तेवढी बाकी राहिली. या भांडणाच्या नादातच त्यांनी मला शोधून काढले, घासूनपुसून लखलखीत केले आणि आपल्या मेळाव्यात काचेआड उभे केले.

गेल्या मेळाव्याला दिग्दर्शक पाहुणे होते. मावशी आणि आतलाही आले होते. मागच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्च्यांवर बसले होते. डॉक्टरीणबाईंनी तोच प्रश्न विचारला आणि सभागृह कानांत प्राण आणून ऐकू लागले.

"खरं सांगू?" दिग्दर्शक हसत म्हणाले. "तो हात कथेत नव्हताच. मी तो पाहिला, थांबवणारही होतो. पण इतका सुंदर थरथरत होता हो! कॅमेरामनच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, चालू दे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आतला उभा राहिला.

"साहेब, तुम्ही म्हणाला होतात, दिसला नाही."

दिग्दर्शकांनी क्षणभर त्याला ओळखले नाही. मग ते उजळलेल्या चेहऱ्याने ओरडले, "अरे, हा तर आपला आतला! बघा, तो क्षण याच्यामुळे मिळाला आपल्याला!" पुन्हा टाळ्या.

मावशींना आता काठीशिवाय उठता येत नाही, तरी त्या उठल्या. "माझं पोर गुदमरत होतं. तुम्हाला दिसत होतं?"

"मावशी, पण निभावलं ना सगळं? आज इतकी माणसं त्या एका हातासाठी जमली आहेत."

"मी त्या दिवशी तुमची समजूत घातली, साहेब," आतला म्हणाला. "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. आणि तुम्ही ती घालू दिलीत."

मावशींना धरून तो बाहेर निघाला, तेव्हा डॉक्टरीणबाई लगबगीने त्याच्या मागे आल्या. त्यांचे डोळे चमकत होते.

"काका, म्हणजे पत्रोबाला तिथल्या हवेत गुदमरत होतं! म्हणजे तो मुळात माणूसच होता! हे कसं सुचलं नाही आम्हाला?"

"पत्रोबाला नाही हो, बाई. मला."

"हो हो, तेच!" असे म्हणून त्या धावत सभागृहात परतल्या. मेळावा उठेपर्यंत श्वासवाल्यांचा नवा गट तयार झाला होता आणि त्याचे धोकावाल्यांशी कडाक्याचे भांडण जुंपले होते.

मित्रांनो, मला आता रोज पुसतात. माझ्यावर धूळ बसू देत नाहीत. पण ज्याच्यामुळे मी चाललो, डोललो, त्याला जाणूनबुजून गुदमरू दिले. आणि ते ऐकूनही माणसे टाळ्या वाजवत राहिली. ही फसवणूक मला गंजापेक्षा जास्त खाते. माझे एवढेच मागणे आहे. वर्गात, खेळात, घरात कुणी हात वर केलेला दिसला, तर तो का केला असेल यावर वाद घालत बसू नका. उठा, त्याच्याजवळ जा आणि त्यालाच विचारा.