छबूमावशीचा ई-मेल

"पत्त्यात मुक्काम पोस्ट कावून टाकलं?" मी धोंडीरामला विचारलं.

"मग तिकडल्या माणसाला कळावं कसं बे, कुठून आलंय ते?"

धोंडीराम माझा वर्गमित्र, खत-बियाण्याचं दुकान चालवतो. त्याचा पुण्याच्या कंपनीला पाठवलेला मेल चार दिवस परत येत होता, कारण कंपनीच्या पत्त्याला जोडून त्यानं स्वतःचं मुक्काम पोस्ट, तालुका केज, जिल्हा बीड असं सगळं इंग्रजीत लिहिलं होतं. मी तेवढं खोडलं, मेल गेला. दोन हजार एक साली केजमध्ये असली दुखणी फक्त माझ्या इंटरनेटच्या दुकानात बरी होत. कुणी टिंबाच्या जागी स्वल्पविराम मारायचा. कुणी मोठ्या अक्षरांचं बटण चालू ठेवून पासवर्ड चोरीला गेला म्हणून बोंबलत यायचा. सगळ्यांचे पासवर्ड माझ्या एका वहीत होते, त्यातले निम्मे बैलांच्या नावांचे.

धोंडीराम गेला आणि छबूमावशी आल्या. त्या माझ्याच वर्गातल्या शिवशंकरच्या आई. दर गुरुवारी गावाकडून जीपनं यायच्या, पदरानं खुर्ची पुसून बसायच्या. त्यांना अक्षर येत नव्हतं. अमेरिकेतून शिवशंकर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा, ते मी वाचून दाखवायचो आणि त्या सांगतील ते टाइप करायचो.

आता लपवून काय उपयोग, शिवशंकरचं नाव निघालं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बारावीला गणितात मला त्याच्यापेक्षा सात मार्क जास्त होते. त्याच वर्षी आमच्या वडिलांना लकवा मारला आणि मी किराणा दुकानात बसलो. तो माझ्याच वह्या घेऊन इंजिनिअरिंगला गेला. दुकानाच्या पुढच्या भागात मी कम्प्युटर टाकले, तर आमच्या घरात कौतुक कुणाचं? शिवशंकरचं. माझी बायको जगदेवी भाजी निवडता निवडता म्हणायची, छबूमावशीच्या सुनेकडं कपडे धुवायचं मशीन हाय म्हनं. आणि त्याची खुशाली मी माझ्या तोंडानं वाचायची, ती पण हसतमुखानं.

"लिव," मावशी म्हणाल्या. "सुनेचे दिवस भरत आले. पोरगं होवो का पोरगी, नाव मीच सांगणार. तुला बहीण न्हाई, मग आत्याचा मान आजीचा. बारशाच्या आत मला इचार. आन नव्या घराचा फोन नंबर धाड."

मी टाइप करत होतो.

"आन सिद्धाराम, तुला जुना कोट धाडतो म्हणला व्हता शिवा. आला का?"

"न्हाई."

"येईल. लई गरम हाय म्हनं. एकदाच घातलाय त्यानं."

मी पाठवायचं बटण दाबलं. पडद्यावर लाल ओळ आली. जागा भरली होती. शिवशंकरनं बर्फात उभं राहून, गाडीला टेकून काढलेले फोटो पाठवून पाठवून आईच्या खात्यात सुईला जागा ठेवली नव्हती. अशानं येणारी पत्रं आल्या पावली परत जातात आणि इथलंही जात नाही. चार फोटो खोडले की काम झालं, दोन मिनिटांचं. माझा हात माउसवर होता. पण डोक्यात तो कोट बसला होता, त्याच्या अंगावरून उतरलेला.

"गेलं का?" मावशींनी विचारलं.

"गेलं," मी म्हणालो.

पुढच्या गुरुवारी त्या आल्या तेव्हा अर्थातच काही आलेलं नव्हतं. मी म्हणालो, लाइन खराब हाय. त्याच्या पुढच्या गुरुवारी म्हणालो, त्यानंच लिवलं न्हाई, कामात असंल. हे तिसरं खोटं बोलताना मला मजा वाटली. लाज वाटायला हवी होती, पण मजा वाटली. एकदा तरी त्या पोरानं आईला वाट बघायला लावली होती आणि गावात कुणाला तरी तो कमी पडला होता.

त्यानंतरच्या गुरुवारी मावशी सकाळी आल्या त्या दुपार टळली तरी हलल्या नाहीत. भाकरीचं फडकं सोडलं, तसंच बांधलं. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाचा मेल उघडला की त्या मान वर करून बघायच्या.

"तिकडं गेलं की मानूस आईला इसरतंय का रे?"

मी पडद्याकडं बघत माउस फिरवत राहिलो.

"गावात बाया इचारतेत, सून मोकळी झाली का. काय सांगू? कालच्याला मी खोटंच सांगितलं, शिवाचं पत्र आलंय म्हून." त्यांनी माझ्या हाताला हात लावला. "तूच बरा बाबा. तू हितं हायेस. आता तूच माझा लेक."

इतकी वर्षं मला नेमकं हेच तर हवं होतं. कुणीतरी त्याच्यापेक्षा मला बरं म्हणावं. आणि आता म्हटलं ते असं, मी चोरून मिळवलेलं.  मी खुर्ची ओढली, एकेक फोटो खोडला आणि त्यांचं तीन आठवडे अडकलेलं पत्र पाठवून दिलं. त्यांना म्हणालो, आज लाइन सुधारली.

पुढच्या गुरुवारी शिवशंकरचा मेल आलेला होता. मावशी पुढं सरकून बसल्या आणि मी वाचायला लागलो. "आई, तुला नात झाली. सोळा दिवसांची आहे. मी तुला पाच मेल केले, पाचही परत आले. सिद्धारामच्या दुकानात फोन करत होतो, तर इंटरनेटमुळे सारखा एंगेज. नाव तूच सांगशील म्हणून बाराव्या दिवसापर्यंत थांबलो. दाखल्यासाठी नाव द्यावंच लागलं, म्हणून..."

इथं मी थांबलो. पुढची ओळ गाळली असती तरी त्यांना कळलं नसतं.

"वाच की."

"म्हणून संस्कृती ठेवलं. तुझं पत्र नंतर मिळालं. आई, मला माफ कर."

मावशींनी ते नाव तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. दोन वेळा अडकलं, तिसऱ्यांदा आलं. मग म्हणाल्या, "मी भिवरा ठिवणार व्हते. माझ्या आईचं. सुनेला पाचवा लागला तवापासून मनात व्हतं."

त्यांनी विचारलं, "पत्रं परत कावून गेली रे?"

"जागा भरली व्हती, मावशी. फोटोंनी."

"आन कुणाला कळलं न्हाई?"

शेजारच्या कम्प्युटरवर कुणीतरी निकाल बघत होतं. खोटं तयार होतं, पाचवं. ते बाहेर आलं नाही.

"मला कळलं व्हतं," मी म्हणालो. "पहिल्याच दिवशी."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या, थोबाडीत मारली असती तर बरंच झालं असतं.  त्या पदर सारखा करून सरळ बसल्या.

"लिव," त्या म्हणाल्या.

मी कीबोर्ड ओढला.

"पोरीचं नाव लई चांगलं हाय. मला आवडलं. सुनेला डिंकाचे लाडू खाऊ घाल, थंड पान्यात हात घालू देऊ नको." त्या थांबल्या. "आन लिव, हितलं मशीनच बिघडलं व्हतं. सिद्धारामनं लई खटपट करून नीट केलं. त्याला बोल लावू नको, त्यो तुझ्या भावावानी हाय."

"मावशी, हे नको."

"लिव म्हणते ना."

मी लिहिलं. एवढी वर्षं टायपिंग करतोय, पण त्या ओळीला बोटं तीनदा चुकली.

"लिवलं?"

"लिवलं."

"वाचून दाखव," मावशी म्हणाल्या. "समदं. एक शब्द बी गाळू नको."

मी वाचायला लागलो.