वारा बारा वाजेपर्यंत

दिवाळे गावात इंग्रजी वाचणाऱ्या सुना काही कमी नाहीत, पण हवामान खात्याचं समुद्री बुलेटिन वाचणारी एकच, भाविका. बी.कॉम. झालेली आणि गप्प न बसणारी. ऑगस्टात बोटी बाहेर पडल्या तसा तिनं हा उद्योग अंगावर घेतला. वाऱ्याचा वेग नॉट्समधून किलोमीटरमध्ये करायचा, लाटांची उंची बघायची आणि नवऱ्याला, दीपेशला, फोनवर मराठीत समजावून सांगायचं. सासरे तुळशीराम म्हणजे चाळीस वर्षं बोट चालवलेला माणूस. ते आधी हसले. मग दोनदा तिचा अंदाज बरोबर आला, तेव्हा हसायचे थांबले. पोरीच्या डोक्यात थोडी हवा गेली होती, हे मान्य करायला हवं.

ऑक्टोबरच्या त्या सकाळी अरबी समुद्रात चक्रीवादळ होतं. किनाऱ्यापासून बरंच लांब, पण त्याचा वारा पार रत्नागिरीपर्यंत झोडपत होता. दीपेशची बोट आदल्या दिवशीच जयगडच्या खाडीत शिरून थांबली होती. नऊच्या सुमाराला त्याचा फोन आला.

"बर्फ संपत आलाय. मासळी टिकायची नाय. कधी सुटू, सांग."

भाविकानं बुलेटिन उघडलं. दक्षिण महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ताशी साठ-सत्तर किलोमीटरचा वारा, बारापर्यंत, त्यानंतर कमी होत जाणार. आकड्यापुढे इंग्रजी तीन अक्षरं होती, यूटीसी. ती रोजच असायची. खात्यानं खाली सही करावी तशी काहीतरी असतील, असं धरून तिनं ती कधी वाचलीच नव्हती.

"बारा वाजेपर्यंत वारा. मग उतरतोय. बारानंतर बिनधास्त सुट."

"नक्की?"

"लिहिलंय ना इथं! टेन्शन घेऊ नको."

दुपारी ती ओट्यावर जवळा निवडत बसली होती. सोबत शेजारची राजाबाई होती. राजाबाईचा मुलगा जितेशही स्वतःची बोट, एकवीरा कृपा, घेऊन जयगडलाच अडकला होता, पण तिच्या तोंडाची टकळी काही थांबली नव्हती. तुळशीराम खुर्चीत बसून झाडांचे शेंडे बघत होते.

"भाविका, ह्यो तुजा कागद रोज शिळाच कसा येतो गो?" ते म्हणाले. "नऊला वाचतेस, न् त्यावर खबर तीनची. रातचे तीनला कोन बसतो हापिसात?"

भाविका हसली. तेवढ्यात फोन वाजला. मच्छीमार सोसायटीच्या ग्रुपवर मराठीत सूचना आली होती: सायंकाळी साडेपाचपर्यंत वादळी वारे, जयगड ते वेंगुर्ला कोणीही बंदर सोडू नये. घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

सोसायटीवाले नेहमीचेच घाबरट, असं ती म्हणणार होती. पण तिनं बुलेटिन परत उघडलं. बारा आणि साडेपाच. मध्ये साडेपाच तास. आणि रात्रीचे तीन? तीनात साडेपाच मिळवले की सकाळचे साडेआठ. कागद शिळा नव्हताच. ती तीन अक्षरं तिनं पहिल्यांदा फोनवर शोधली. जगभरच्या दर्यावर्दींनी पाळायची एकच वेळ, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे.

तिनं लगेच दीपेशला फोन लावला. बंद. परत लावला. बंद.

"बाबा, मी वेळ चुकले." तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "वारा संध्याकाळपर्यंत आहे. मी त्यांना बाराला सुटायला सांगितलं."

तुळशीराम ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते उठले आणि जयगडच्या बर्फवाल्याला फोन लावला. बर्फवाला म्हणाला, बाराला दोन-तीन बोटी बाहेर गेल्या खऱ्या, नावं काही बघितली नाहीत. तुळशीरामांनी फोन खाली ठेवला आणि परत खुर्चीत बसले. आता ते झाडांकडे बघत नव्हते.

भाविकानं तटरक्षक दलाचा नंबर लावला. बोटीचं नाव, नंबर, सहा माणसं, सगळं सांगितलं. सहा माणसांची नावं तिला पाठ होती. त्यांच्या बायकाही याच गावात होत्या. ओट्यावर ऊन होतं आणि तिला थंडी वाजत होती. आपण माणसं मारली, हा एकच विचार डोक्यात घुमत होता आणि तो कुणाला सांगायचीही तिला भीती वाटत होती.

राजाबाईनं तिला जवळ ओढलं आणि तिची पाठ थोपटू लागली. "रडू नको गो. तुजा दीपेश काय खुळा हाय? वारा बघूनच सुटल. माजा जितेश पन तिथंच हाय, मी रडतंय का? तो तर कुनाचं ऐकत नाय, सख्ख्या बापाचं पन नाय."

पाऊण वाजता अनोळखी नंबरावरून फोन आला.

"मी बोलतोय," दीपेश म्हणाला. "दुसऱ्याचा फोन हाय. आमचं इंजिन बंद पडलं, चार्जिंग पन गेलं. सुटलोच नाय आमी."

भाविकाला हुंदका आवरेना. "आहे! खाडीतच आहे!" ती ओरडली. तुळशीरामांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. राजाबाई म्हणाली, "मी काय सांगत होते?"

"भाविका, ऐक," दीपेशचा आवाज खाली आला. "वारा वाढलाय. जितेश सुटला बाराला. तो नाय म्हनत होता. मीच सांगितलं, भाविकानं बघितलंय. मग म्हनाला, वैनी सांगते तर चल."

भाविकानं फोन बंद केला. उठून घरात जावं, दार लावून बोलावं, असं तिला एक क्षण वाटलं. पण एक क्षणही घालवण्यासारखा नव्हता. तिनं तिथंच बसून तटरक्षक दलाचा नंबर परत लावला.

"मघाशी मी एका बोटीची खबर दिली होती, ती सापडली. दुसरी लिहून घ्या." तिनं डोळे मिटले. "एकवीरा कृपा. जयगडहून बाराला सुटलीय. सात माणसं."

पाठीवर थोपटणारा हात थांबला. तो राजाबाईनं मागे घेतला नाही, नुसता थांबला.

"धोक्याची सूचना असताना सुटली कशी?" पलीकडचा माणूस विचारत होता. "कोणी सांगितलं त्यांना?"

"मी," भाविका म्हणाली.