काळ्या सालीचा दाणा

मी सिलिका जेलचा एक दाणा बोलतोय. नव्या बुटांच्या खोक्यात 'खाऊ नये' असं छापलेली पुडी असते ना, त्यातल्या दाण्यांचा मी भाऊ. आमच्याकडे जन्मापासून संशयानंच बघतात.

मी मात्र पवईच्या एका प्रयोगशाळेत आलो. तिथं गार्गी आणि सिद्धेश शेजारशेजारच्या टेबलांवर पीएचडीचं काम करायचे, डबाही एकत्र खायचे. गार्गीनं आम्हाला तांब्याच्या क्षाराच्या निळ्या पाण्यात भिजवलं. माझ्या अंगभर बारीक छिद्रं. पाणी थेट पोटात शिरलं. आता आम्हाला सावकाश वाळवायचं आणि मग भट्टीत तापवायचं. तिथं क्षाराचं विघटन होतं, तपकिरी धूर निघून जातो आणि तांब्याचं काळं ऑक्साईड आमच्या अंगात चिकटून राहतं. विषारी वायू स्वच्छ करायला ते कामाला येतं.

पण गाईड असलेल्या देवदत्त सरांना सोमवारी निकाल हवा होता. गार्गीनं वाळवायच्या ओव्हनचं तापमान चढवलं. पाणी घाईनं बाहेर धावलं आणि जाताना सगळा क्षार पोटातून सालीपाशी ओढून घेऊन गेलं. मला कळत होतं, पण सांगणार कसं? तेवढ्यात सिद्धेशनं ओव्हन उघडून स्वतःच्या नमुन्याची बशी काढून नेली. गार्गीला दारातून फक्त तो ओव्हन बंद करताना दिसला.

भट्टीतून आम्ही काळे कुळकुळीत होऊन निघालो. चाचणीत मात्र आपटलो. विषारी वायू जवळजवळ तसाच बाहेर पडला.

गार्गीला ओव्हनपाशी दिसलेला सिद्धेश आठवला. बाटल्यांवर खुणा करून ठेवू लागली. डबा वेगळा खाऊ लागली. शेवटी तिनं सरांना सांगितलं, की कुणीतरी ओव्हनला हात लावलाय. नाव घेतलं नाही, पण सरांनी सिद्धेशकडेच पाहिलं.

सिद्धेशनं मला चिमट्यात धरलं, ब्लेडनं मधोमध कापलं आणि दोन्ही फोडी गार्गीसमोर ठेवल्या. बाहेर पातळ काळी साल, आत पांढराशुभ्र, तांब्याचा मागमूस नाही.

"मी फक्त माझी बशी काढली होती," तो म्हणाला. "तू वाळवताना किती तापवलंस?"

तिनं माझी एक फोड उचलून उजेडात धरली. "सॉरी रे. मला वाटलं, तू..."

"कळलं मला, काय वाटलं ते."

पुढची खेप गार्गीनं सावकाश वाळवली आणि ती चाचणीत पास झाली. गार्गी धावत सिद्धेशला सांगायला आली. त्यानं आधी आपल्या ड्रॉवरला कुलूप लावलं, मग वर पाहिलं.

मी अजून त्याच्याच टेबलावर आहे, दोन फोडींत. तुम्हाला एवढंच सांगणं आहे: पुन्हा कधी संशय आला, तर आधी आमच्यातल्या एखाद्याला कापून बघा. आम्हाला दुखत नाही.