दोनदा बदललेले इअरफोन

माझ्या वडिलांची जीप माझ्यामुळे गेली. लोक म्हणतात कानामुळे गेली, गाडीमालक म्हणतो जबाबदारीचा प्रश्न होता, आई काहीच म्हणत नाही. पण मला माहीत आहे ना. एकशे ऐंशी रुपयांच्या इअरफोनवरून मी शहाद्याच्या जीप स्टँडवर तमाशा केला, आणि एकोणीस वर्षं शहादा-धडगाव घाट चढवणाऱ्या माणसाच्या हातातली चावी पाच मिनिटांत गेली.

मी कामिनी. नंदुरबारला एका वकिलांकडे टायपिंग करते, आठवडाभर तिथं खोली करून राहते आणि शनिवारी गावी येते. माझ्या नाकावर राग असतो असं सगळे म्हणतात आणि ते खोटं नाही. भाजीवाल्यानं खाली एक कुजका टोमॅटो घातला तर मी अख्खी पिशवी त्याच्या पाटीवर उलटी करते. माझे वडील याच्या अगदी उलट. चहात माशी निघाली तर ते माशी काढून टाकतील आणि चहा पिऊन पैसे देतील. त्यांना बघून बघूनच मी अशी झाले असेन. घरात एकानं तरी भांडायला हवं!

नाना, म्हणजे माझे वडील गोकुळ, दिलवरसिंग नावाच्या मालकाची जीप पगारावर चालवायचे. या जीपा घड्याळावर निघत नाहीत. स्टँडवर नंबर लागतो, नंबर आला की गाडी गच्च भरेपर्यंत थांबायचं. कधी तास, कधी दोन तास. तेवढा वेळ नाना फोनवर जुनी गाणी ऐकत बसायचे. विडी नाही, तंबाखू नाही, हा एवढाच शौक. त्यांचा इअरफोन चिकटपट्टी लावून लावून इतका जाड झाला होता की वायर कमी आणि पट्टीच जास्त दिसायची.

दिवाळीच्या आधी मी ठरवलं, नानांना चांगले इअरफोन घेऊन द्यायचे. बिनवायरचे नकोत. त्याचं एक बोंडूक घाटात पडलं की संपलं, आणि रोज चार्जिंगला लावायची आठवण नानांना कोण करणार? वायरचेच, कानात बसणारे, आणि नानांना वापरताना जीव खालीवर होणार नाही अशा किमतीचे. पंधरा दिवस मी रोज जेवताना त्याचे व्हिडिओ बघत होते. मैत्रिणी हसायच्या की स्थळं बघायला तू इतका वेळ देत नाहीस.

जीप स्टँडच्या समोरच भाईदासचं मोबाईलचं दुकान आहे. त्याच्याकडचे आठ-नऊ इअरफोन मी काउंटरवर पसरायला लावले. सहाशेवाल्यात नुसती धमधम होती, गाणारी बाई कुठंतरी मागच्या खोलीत बसून गातेय असं वाटायचं. शंभरवाल्याचा आवाज पत्र्यासारखा. एकशे ऐंशीवाला मात्र मला आवडला. आवाज स्वच्छ, वायर चपटी म्हणजे खिशात गुंता होत नाही, पिन काटकोनात वळलेली म्हणजे बसताउठता मोडत नाही, आणि वर तीन मापांची रबरं. दोन्ही बाजू मी स्वतः ऐकून घेतल्या. भाईदास म्हणाला, "ताई, इतकं बघून तर लोक मोबाईल पण घेत नाहीत."

घरी आल्यावर नानांच्या कानात मी स्वतः ते बसवले. एक व्हिडिओ असतो, त्यात आधी फक्त डावीकडून बाई बोलते, मग फक्त उजवीकडून. तो लावला आणि विचारलं, "उना का आवाज?"

"काय?" नाना म्हणाले.

"डावीकडथून बाई बोलस. ऐकू येस का?"

नानांनी डावं बोंडूक बोटानं दाबून बघितलं. मग इअरफोन काढून हातात घेत म्हणाले, "डावं बंद शे वाटस."

मी तेव्हाच तो माझ्या कानात घालून बघायला हवा होता. इतकी साधी गोष्ट! पण माझं डोकं आधीच भाईदासच्या दुकानात पोचलं होतं. दुकानात चालू आणि घरी बंद, म्हणजे माल डुप्लिकेट. नाना खोटं बोलतील हे माझ्या ध्यानीमनीही आलं नाही, कारण माझ्या आठवणीत ते कधी बोललेच नव्हते.

पुढच्या शनिवारी मी बदलून आणला. भाईदासनं काउंटरवर तपासला, माझ्याकडे बघितलं, काही न बोलता नवा डबा दिला. मला वाटलं, घाबरला. घरी आल्यावर पुन्हा तोच व्हिडिओ आणि पुन्हा तेच, डावं बंद. या वेळी नाना म्हणाले, "ऱ्हाऊ दे ना बेटा. माले एकच बाजू पुरे. दुसरा कान मोकळा पाहिजे, पॅसेंजर हाक मारतस."

"तुम्हीन असाच ऱ्हावा," मी म्हणाले. "जग तुम्हले फसाडी खाई."

तिसऱ्या शनिवारी भाईदासनं जास्त किमतीचा इअरफोन दिला, वरचे पैसे घेतले नाहीत. फक्त म्हणाला, "ताई, एकदा नानांना विचारा ना, त्यांना आहे तसा चालतोय का." मी म्हटलं, त्यांना काय विचारायचं, त्यांना तर माशीसुद्धा चालते. तोही घरी 'बंद' निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी उचलली तेव्हा नाना नंबर लावायला निघत होते. दारातच थांबले. "जाऊ नको वं माय," एवढंच म्हणाले. माझ्या वडिलांनी मला आयुष्यात कशाला नको म्हटल्याची ती एकच वेळ. मी ऐकलं नाही.

स्टँडवर गर्दी होती. नानांची जीप पहिल्या नंबरला भरून उभी होती, वर टपावर पोती बांधलेली. नाना स्टेअरिंगवर बसले होते आणि त्यांच्या शेजारी डाव्या हाताला रूपलीबाई. धडगावच्या पुढच्या एका पाड्यावरची ही बाई, दर आठवड्याला खाली यायची आणि नेहमी पुढच्याच सीटवर बसायची.

मी भाईदासच्या काउंटरवर इअरफोन आपटला आणि तोंडाचा पट्टा सोडला. एका ड्रायव्हरला तीन तीनदा बंद माल देतोस, गरीब दिसला म्हणून? तक्रार करीन, दुकानाचं शटर पाडीन, काय काय बोलले. माणसं जमली. भाईदास हळूच म्हणत होता, "ताई, आत या. आत बसून बोलू." त्याचा हा हळू आवाज मला चोराचा वाटला. शेजारच्या टपरीवर दिलवरसिंग चहा पीत होता. मी त्यालाच हाक मारली. "बापू, तुम्हीच सांगा. तुमच्याच ड्रायव्हरला फसवतोय हा." आणि इअरफोन त्याच्या हातात देऊन तो व्हिडिओ लावला.

दिलवरसिंगनं दोन्ही बोंडकं कानात घातली. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"दोन्ही चालू शेतस," तो म्हणाला.

मी त्याच्या कानातून जवळजवळ ओढूनच काढले आणि माझ्या कानात घातले. डावीकडून बाई स्पष्ट बोलली. मग उजवीकडून बोलली. भाईदासनं मान खाली घातली होती. तेव्हा मला कळलं.

दिलवरसिंगलाही कळलं. त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला, जीपकडे चालत गेला आणि रूपलीबाईच्या खिडकीशी उभा राहून साध्या आवाजात म्हणाला, "गोकुळभाऊ."

नाना समोर काचेतून बघत राहिले.

"गोकुळभाऊ," तो पुन्हा म्हणाला. रूपलीबाईनं पटकन नानांच्या गुडघ्यावर हात ठेवला. नाना लगेच वळले. "हां बापू, बोला."

त्या हाताकडे दिलवरसिंग बघतच राहिला. रूपलीबाई घाईघाईनं बोलू लागली. मोडक्या मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "आमी सांगतो ना त्याला. वळणावर समोरच्याचा हॉर्न वाजला की आमी हात लावतो. कोणाला उतरायचं, हात लावतो. दोन वर्ष झाली, एक कोंबडीबी नाही मेली त्याच्या गाडीखाली." मागच्या सीटवरची माणसंही हो हो म्हणाली.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. पुढच्या सीटवर जो बसेल त्यानं गोकुळभाऊचा डावा कान व्हायचं, असा त्या गाडीतला नेमच होता. पाड्यापाड्यावर माहीत, भाईदासला माहीत. दोन चांगले इअरफोन त्यानं मुकाट्यानं बदलून दिले, भर स्टँडवर चोर म्हणवून घेतलं, ते याचसाठी.

दिलवरसिंग वाईट माणूस नाही. त्यानं आवाज चढवला नाही. म्हणाला, "भाऊ, घाट शे. गाडीत पंचवीस जीव बसतस. आते माले माहीत पडनं, मी कसा गप्प ऱ्हाऊ?" हे वाक्य मला आजही शब्द न् शब्द पाठ आहे. माहीत पडलं. आणि त्याला ते कळलं माझ्यामुळे. त्याच्या जागी मी असते तर मीही चावी मागितली असती, हे मी स्वतःपासून लपवत नाही. पण त्यानं काही माझं दुखणं कमी होत नाही.

नानांनी वाद घातला नाही. चावी काढून दिली, सीटखालची पाण्याची बाटली घेतली, मानेवरचा रुमाल नीट केला आणि खाली उतरले. दुसरा ड्रायव्हर चढला. रूपलीबाई खिडकीतून माझ्याकडे बघत होती.

"तुझाच बाप ना तो?" तिनं विचारलं.

मी हो म्हणाले. गाडी निघून गेली.

घरी आल्यावर मी आईवर ओरडले. तुला तरी माहीत होतं का? आई भाकरी थापत होती. म्हणाली, "माले नही तर कोणले माहीत ऱ्हाई? कान फुटना तवय तेल मीच सोडेल व्हतं." मग मला का नाही सांगितलं? तेव्हा ती थांबली. "तुन्हा तोंडले घाबरेत समदा. तू त्याले दवाखानामा लई जाती, स्टँडवर जाती, मालकसंगे भांडती. तो म्हने, कामिनीनं लगीन होऊ दे, मंग सांगू."

मी नानांना नंदुरबारच्या दवाखान्यात नेलं. पडदा गेला होता आणि आतली नसही. आधी आला असता तर, असं डॉक्टर म्हणू लागले आणि नानांकडे बघून थांबले. भाईदास एकदा घरी येऊन गेला. नानांच्या फोनमध्ये त्यानं एक सेटिंग करून दिली, दोन्ही बाजूंचं गाणं एकाच कानात येतं. इतके दिवस नाना अर्धंच गाणं ऐकत होते. मी त्याची माफी मागितली, तर तो म्हणाला, "जाऊ द्या ताई, गिऱ्हाईक बोलतंच." ते सोपं गेलं. भाईदासची माफी मागणं सोपंच होतं.

आता नाना गावातल्या एकाच्या केळीत पाणी धरायला जातात. माझ्याशी आधी बोलायचे तसंच बोलतात. रागावले असते तर मी भांडले असते, रडले असते, काहीतरी झालं असतं. तेही नाही. गाणी मात्र फारशी ऐकत नाहीत. म्हणतात, आता थांबून राहायची वेळच येत नाही.

मागच्या रविवारी संध्याकाळी ते ओट्यावर बसले होते. रस्त्यानं एक जीप गेली, टपावर पोती, मागं माणसं लटकलेली. ती दिसेनाशी होईपर्यंत नाना बघत होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. डाव्या हाताला बसले. चुकून नाही, ठरवून बसले. वकिलांच्या पक्षकारांपासून कंडक्टरपर्यंत सगळ्यांच्या तोंडावर बोलणारी मी, पण वडिलांच्या ऐकणाऱ्या बाजूला बसायची माझी हिंमत झाली नाही.

"नाना, मन्ही चूक व्हयनी," मी म्हणाले. "माले माफ करा."

ते रस्त्याकडे बघत होते. मग त्यांना काय जाणवलं कुणास ठाऊक, कदाचित माझा श्वास हातावर लागला असेल. त्यांनी पूर्ण मान वळवली, उजवा कान माझ्याकडे केला आणि हसून विचारलं, "काय म्हनस बेटा?"

"काही नही," मी म्हणाले. "चहा टाकू का, इचारी ऱ्हायनू."

"टाक ना," नाना म्हणाले, आणि मी आत गेले.