गाऱ्हाणे घालणाऱ्याचा गळा

रवळनाथाच्या देवळात गावाच्या वतीने गाऱ्हाणे घालण्याचा, म्हणजे देवाकडे गावासाठी मागणे मागण्याचा मान आमच्या घराचा. आमचे हे उभे राहिले की आवाज थेट खाडीपलीकडे जाई. लोक कौतुक करत, मला मात्र त्या मानाचा भारी वैताग. घरात मीठ संपले तरी हे त्याच आवाजात सांगायचे.

छप्पन सालच्या दिवाळीत तो आवाज घोगरा झाला. वैद्यांनी ज्येष्ठमध दिला, शेजारणींनी हळदीचे दूध सांगितले, गावकऱ्यांनी देवाचा कोप ठरवून कोंबडा कबूल केला. शिमगा आला तरी घसा तसाच. मग गिळताना कळ थेट कानात जाऊ लागली, मानेला गाठ आली. विजयदुर्गच्या डॉक्टरांनी एकदाच पाहिले आणि ताबडतोब मुंबई गाठा म्हणाले. पाऊस लागला की बोटी बंद होणार होत्या.

पण हे हलेनात. मानकऱ्याने गाव सोडायचा तर देवाचा कौल हवा. कौल हवा तर आधी गाऱ्हाणे हवे. आणि गाऱ्हाणे घालायचे कुणी? तर ह्यांनीच! दुसऱ्या घराने घातले तर मान जातो म्हणे. सगळे शहाणे पुरुष देवळात बसून यावर डोके खाजवत होते आणि इकडे माझा माणूस पेजेचे पाणीसुद्धा रडत गिळत होता.

सोमवारी मी पदर खोचला, ह्यांना देवळात नेऊन खांबाशी बसवले आणि देवासमोर उभी राहिले. बाईमाणसाने तिथे तोंड उघडायची रीत नव्हती.

"बा देवा म्हाराजा," मी म्हटले, "तुझी परवानगी मागूक ह्येंका गळो रवलो नाय, म्हणान मी मागतंय. ह्येंका मुंबयक घेवन जातंय. तू नाय म्हणशीत तरी जातलंय."

गाऱ्हाण्याला गावाने होकार द्यायचा असतो. सगळे पुरुष जमिनीकडे बघत बसले. तेवढ्यात खांबाला टेकलेले हेच कसेबसे म्हणाले, "व्हय म्हाराजा." ते ऐकून मला हुंदका आवरला नाही. त्याच आठवड्यात आम्ही बोटीत बसलो.

मुंबईच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. कॅन्सर आहे. दिवाळीतच आला असतात तर विजेच्या शेकावर भागले असते, आवाजही राहिला असता. आता जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावे लागेल. ह्यांनी माझ्याकडे पाहिले. आवाजावरच ज्याचा मान, त्याला काय सांगणार? मी डॉक्टरांना म्हटले, "काढा. मला माणूस घरी न्यायचा आहे."

मानेला भोक घेऊन हे परतले. हवा गिळून ती वर आणताना शब्द काढायचे, हे तिथल्याच एका जुन्या रोग्याने शिकवले होते. घरी गोठ्यात सराव चाले. ढेकर कुठला आणि शब्द कुठला, हे आमच्या गाईला माझ्याआधी कळू लागले. पण एके सकाळी ह्यांनी मला नावाने हाक मारली, सुभद्रा, आणि मी दुधाचे भांडे तिथेच सांडले.

जत्रेला मान दुसऱ्या घरी द्यायची कुजबुज होती. हे गळ्याला उपरणे गुंडाळून सरळ पुढे गेले. आवाज खरखरीत आणि इतका हळू, की लोक ऐकायला जवळ सरकले. गावाचे, गुराढोरांचे, होड्यांचे मागून झाले आणि ह्यांनी पदरचे चार शब्द घातले.

"जेचो घसो बसलो, जेच्या तोंडातली जखम भरना नाय, तेका कौल मागीत बसवू नको म्हाराजा. पयलो तेका बोटीत बसय."

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव एका दमात म्हणाला. माझी छाती अभिमानाने भरून आली.

शेजारच्या शंकरची बायको मथुरा गालातली जखम मिश्रीने झाली असे म्हणत ती कधीची दडवून होती. दुसऱ्या दिवशी शंकर तिला घेऊन विजयदुर्गच्या धक्क्यावर उभा होता. कौल कुणी मागितला नव्हता.