दोन नावांची बाई

सोरखाला सगळ्यात आधी राग आला तो पत्राच्या पहिल्याच शब्दाचा. 'अ खारा', म्हणजे आयरिशमध्ये 'मित्रा'. सरकारी पत्राची सुरुवात अशी आयरिशमध्ये करायची आणि पुढे सगळं इंग्रजीत लिहायचं, ही डब्लिनची जुनी रीत. दारावर तोरण बांधायचं, आणि आत पाहुण्याला पाणीही विचारायचं नाही.

पुढच्या इंग्रजीचा मतलब असा होता: सॅरा फोलन यांनी इंटर्नशिपच्या अर्जासोबत जोडलेला निबंध हा 'सोरखा नी खूलान' नावाच्या दुसऱ्याच बाईच्या प्रबंधातून शब्दन् शब्द उचललेला आहे. सबब अर्जाचा विचार स्थगित. सोमवारपर्यंत खुलासा करावा.

"माझ्यावर चोरीचा आळ!" सोरखा स्वयंपाकघरात ओरडली. "आणि चोरी कुणाची? तर माझीच!"

ब्रीदआत्या चुलीजवळ बसून सोडाब्रेड कापत होती. ती म्हणाली, "अगं, आधी बस तरी. चहा निवतोय."

आता कॉनमारातल्या कॅरारोसारख्या आयरिश बोलणाऱ्या गावात दोन नावं कुणाला नसतात? घरी, शाळेत, चर्चमध्ये आयरिश नाव, आणि कागद इंग्रजांच्या हातात गेला की इंग्रजी नाव. सोरखा म्हणजेच सॅरा आणि खूलान म्हणजेच फोलन, अन् 'नी' हे नुसतं बाईच्या आडनावाआधी लागतं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. सोरखा जन्मली ती इंग्लंडात, बाप तेव्हा बर्मिंगहॅमला इमारतींवर कामाला होता, म्हणून जन्मनोंद सॅरा फोलन अशी झाली आणि पासपोर्टावर तेच नाव आलं. अर्जात पासपोर्टावरचंच नाव हवं, असा नियम होता. नियम पाळला आणि पोरगी गोत्यात आली.

आणि निबंध तरी कशावर होता? तर नाव चोरलं जाण्यावर! ब्रीदआत्या एकोणीस वर्षांची असताना सरकारची माणसं मोठं रेकॉर्डिंग यंत्र घेऊन गावात आली होती. तिची सात गाणी त्यांनी नेली. पुढे रेकॉर्ड निघाली, तिच्यावर गायिकेचं नाव छापलं होतं, 'कॉनमारातील एक स्त्री'. बस्स, एवढंच. सोरखा कायदा शिकली ती ह्या चिडीपायी. कॉपीराइट विभागातली ही वर्षभराची इंटर्नशिप मिळाली, तर असल्या बेनाम गायकांच्या हक्कांचा जो नवा मसुदा चालला होता त्यात तिला हात घालता येणार होता. देशभरातून चौघांनाच घेणार होते. आत्याच्या हयातीत हे व्हावं, एवढीच तिची तगमग होती.

तिने विभागात फोन लावला. फर्गस हॅकेट नावाचा अधिकारी बोलला. आवाज गोड होता, तेच वाईट.

"हे बघा सॅरा, मला पटतंय तुमचं. पण नक्कल शोधणाऱ्या यंत्राला कसं पटणार?"

"यंत्राला राहू द्या, तुम्हाला पटलं ना? मग लिहा की तसं! माझं पदवीचं प्रमाणपत्र जोडलंय, त्यावर सोरखाच आहे."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग हॅकेट हळूच म्हणाला, "अरेच्चा. म्हणजे पदवीही दुसऱ्याच बाईची दिसते."

सोरखाने कपाळावर हात मारला. "तुमच्या पत्राच्या माथ्यावर 'अ खारा' लिहिता, आणि आयरिश नावाची बाई समोर आली की तिला परकी ठरवता? लाज नाही वाटत?"

"चिडू नका हो. विद्यापीठाचं पत्र आणा."

"ऑगस्ट आहे. तिथे चिटपाखरू नाही."

"मग एक तोड आहे, आपल्या दोघांतली." हॅकेट अगदी काकासारखा बोलू लागला. "तुमचे मार्क उत्तम आहेत, तुम्ही यावं असं मलाही वाटतं. दोन ओळी लिहून पाठवा, की दुसऱ्या लेखिकेचा निबंध नजरचुकीने जोडला गेला. सोबत दुसरा कुठलाही निबंध द्या. पदवीचं मी बघतो. सोमवारी तुमची मुलाखत लावतो. काय जातंय?"

काय जातंय! सोरखाच्या तोंडाशी शिवी आली होती. कॉपीराइटचं सरकारी खातं, आणि तिथे शिरायचं तर आधी सही करून द्यायची, की माझं लिखाण माझं नाही! पण ओठांवर आलेली शिवी तिने गिळली, कारण जागा हवी होती. मनापासून हवी होती. एक सही, आणि आत. आत गेल्यावर आत्याचं नाव लावता आलं असतं.

फोनवर हात ठेवून तिने आत्याला सगळं सांगितलं. "कर गं सही," असं आत्याने म्हणावं, असं तिला क्षणभर वाटलंही.

आत्याने सुरी खाली ठेवली. "मलाही तेव्हा तो साहेब हेच म्हणाला होता. 'नावाचं काय एवढं, बाई? गाणं तर राहतंय ना?' मोठा गोड माणूस होता. मी म्हटलं, असू दे." तिने पदराला हात पुसावे तसे ॲप्रनला पुसले. "पन्नास वर्षं झाली. रेडिओवर माझा आवाज लागला की मी रेडिओ बंद करते."

सोरखाला हे माहीत नव्हतं. सात गाण्यांवर तिने अख्खा प्रबंध लिहिला होता, पण ही रेडिओची गोष्ट आत्या कधी बोलली नव्हती.

तिने फोनवरचा हात काढला.

"हॅकेट, निबंध माझा आहे. मी सही करणार नाही."

"विचार करा, सॅरा. अशी संधी—"

"केला विचार."

हॅकेटने सुस्कारा सोडला. कळफलकाची टकटक ऐकू आली, मग थांबली. तो अडखळला. "मग... अर्ज रद्द म्हणून नोंदवतो. फक्त, नोंद कोणत्या नावाने करू?"

"दोन्ही नावांनी करा," सोरखा म्हणाली. "आणि खाली लिहा, की ही एकच बाई आहे. तुमच्या खात्यात कुठेतरी तेवढं तरी खरं लिहिलेलं असू दे."