शंभर पाठ उत्तरं आणि माझी करकर

हसायचं नाही, मित्रांनो. मी एक म्हातारी खुर्ची आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. खुर्चीला कुठलं आलंय डोकं, असं म्हणता? ऐका तर मग.

मला घडवणाऱ्या सुताराला बहिणीच्या लग्नाला जायची घाई होती. त्या गडबडीत माझा मागचा डावा पाय बोटभर आखूड राहिला. "चालतंय!" म्हणून त्याने मला विकून टाकली. चालतंय म्हणे! तेव्हापासून बसणारा जरा हलला की मी डुलते आणि करकरते. लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत शिकवणीच्या बाई राहायच्या. तिथे मला आणलं, त्या दिवशी मी अशी करकरले की खाली इस्त्री करून ठेवलेल्या कपड्यांच्या घड्या आपोआप मोडल्या. लाँड्रीवाल्याला विचारा. तो नाही म्हणेल, पण त्याला खोटं बोलायची सवयच आहे.

बाई मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवायच्या. टेबलाच्या अलीकडे त्या, पलीकडे शिकणारा, आणि शिकणाऱ्याखाली मी. प्लंबर आला, हॉटेलच्या काउंटरवरची मुलगी आली, परदेशातल्या नातवाशी भांडायला इंग्रजी हवं म्हणून एक आजोबाही आले. महिन्याभरात बाईंना माझी खोड कळली. पाठ केलेलं म्हणणारा माणूस काठीसारखा ताठ बसतो, त्यामुळे मी गप्प. मनातलं सांगायला लागला की त्याचे हात उडतात, तो पुढे झुकतो, मागे रेलतो, आणि मी करकरते. मग बाई डोळे मिटून ऐकायच्या. "खुर्ची गप्प आहे हं! स्वतःचं बोला. चुकलं तर चुकू द्या, मी बसलेय ना दुरुस्त करायला." प्लंबरने एकदा तुंबलेल्या पाइपची गोष्ट अशी रंगवली की मी टेबलापासून दारापर्यंत सरकत गेले. काय मान होता तेव्हा माझा!

मग पडदा आला. म्हणजे कॉम्प्युटरचा. माझा त्याच्यावर राग नाही. लांबच्या जहाजावरचा आचारी त्यावरून शिकायला यायचा आणि त्याचीही खुर्ची कुरकुरायची. बाई खूश, मीही खूश. राग आहे तो बाईंच्या पुतण्यावर!

बाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन महिने शिकवण्या पुतण्याने सांभाळल्या. आल्या आल्या तो म्हणाला, "काकू, ही खुर्ची माइकमध्ये वाजते." माझ्या आखूड पायाला नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, जाड तुकडा ठोकला, सांध्यांत स्क्रू आवळले आणि तरीही भरवसा नाही म्हणून मला बाल्कनीत फरशी पुसायच्या ओल्या फडक्याशेजारी उभं केलं. माझ्या पाठीवर पायपुसणी वाळत घातली, मित्रांनो! पायपुसणी! आत साहेबांनी मुलाखतीच्या शंभर प्रश्नांची शंभर उत्तरं लिहून काढली आणि सगळ्यांना तीच वाटली. पाठ करा, पास व्हा. मी खिडकीतून ऐकत होते. प्लंबरही तेच म्हणतो, काउंटरवरची मुलगीही तेच. एकाच टाकीला शंभर नळ!

बाई परत कामाला बसल्या, त्याच आठवड्यात एक सिस्टर जिना चढून आली. बारा वर्षं वॉर्डात रात्रपाळी केलेली. नव्या दवाखान्यात दिवसपाळीची जागा होती. मिळाली तर ती मुलीसोबत रात्री घरी असणार होती. मुलाखत इंग्रजीत, पडद्यावर. तिने पुतण्याकडे ऑनलाइन शिकवणी घेतली होती, मुलाखत दिली होती आणि ती आपटली होती.

"शंभर उत्तरं पाठ केली हो, बाई!" ती दारातूनच कडाडली. "त्यांनी एकशे एकावा प्रश्न विचारला! त्रास देणारा एखादा पेशंट आठवतो का म्हणाले, आणि मी सांगितलं, मी मेहनती आहे आणि मला वाचनाची आवड आहे! शनिवारी शेवटची संधी आहे. पुन्हा आपटले तर मुलगी रात्री शेजारीणबाईंच्या घरीच मोठी होणार."

बाईंचा चेहरा लाल झाला. पुतण्याकडे बघून त्या म्हणाल्या, "काय शिकवलंस रे?"

"काकू, सगळे असंच करतात."

"सगळ्यांना बोलव, एकेकाचा कान धरते. आधी माझी खुर्ची आण."

"ती वाजते काकू!"

"वाजायलाच पाहिजे!"

पायपुसणी भिरकावली गेली. बाईंनी स्वतः भाजीच्या सुरीने नमदा खरवडला, स्क्रू सैल केले. सिस्टर बसली. ताठ. मी गप्प. बाई म्हणाल्या, "आता तो पेशंट सांगा. इंग्रजी मोडू दे, हाडं नाही मोडत."

सिस्टर सुरू झाली. एक म्हातारा गोळ्या उशीखाली लपवायचा. तिने उशी कशी उचलली, तो कसा ओरडला, घरचं कुणी भेटायला येत नाही म्हणून मला बरंच व्हायचं नाही, असं तो कसं रडत म्हणाला. क्रियापदं धडपडत होती, पण हात उडत होते. आणि मी? मी अशी करकरले की दोन महिन्यांचा राग निघाला. पाच दिवस हेच चाललं.

शनिवारी मुलाखत आमच्याच खोलीत झाली. पुतण्या आवाज गाळणारे हेडफोन घेऊन आला, बाईंनी त्याला दारातूनच परत पाठवलं. म्हाताऱ्याची गोष्ट ऐन रंगात आली आणि पडद्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तिकडे आवाज कसला येतोय?

हा प्रश्न कुठल्याच यादीत नव्हता. माझा जीव टांगणीला! पण सिस्टर हसली आणि इंग्रजीत म्हणाली, "ती माझी खुर्ची आहे. मी खरं बोलले की तीही बोलते."

डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या.

मंगळवारी सिस्टर मुलीला घेऊन आली. दिवसपाळी मिळाली होती. मुलगी माझ्यावर बसून इतकी डुलली की मी उलटायचीच बाकी राहिले.

मित्रांनो, कुणी अडखळत बोलत असेल तर थांबून ऐका. त्याच्या तोंडात उत्तर कोंबू नका. आणि घरातल्या जुन्या वस्तूवर पायपुसणी टाकण्याआधी तिला एकदा तरी विचारा.

त्या संध्याकाळी बाईंनी पुतण्याला माझ्यावर बसवलं. तो हात जोडून भराभर म्हणाला, "चूक झाली काकू, पुन्हा असं होणार नाही."

बाईंनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाल्या, "खुर्ची गप्प आहे, बाळा. पुन्हा बोल."